मला तव्यातलं फारसं कळत नाही

दोशाच्या बीडाच्या तव्यावर पोळी भाजायची नसते. आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दोशाबरोबर तेल येतं, ते तव्याच्या अंगात मुरतं, आणि वर्षानुवर्षं असं मुरत राहिलं की तवा काळाभोर, तुकतुकीत होतो, पीठ त्याला धरत नाही. पोळीबरोबर येतं ते कोरडं पीठ. ते जळतं, तव्याने साठवलेलं तेल खाऊन टाकतं, आणि दुसऱ्या दिवशी दोसा घातला की तो तव्याला मिठी मारून बसतो, उलथण्याला दाद देत नाही. हे सगळं माहीत असून आमच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, ओळीने चार दिवस त्या तव्यावर पोळ्या भाजल्या गेल्या. त्या दिवसांची लाज मला अजून वाटते. एका तव्याचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आम्ही तेव्हा मद्रासच्या पश्चिम मांबलममध्ये राहत होतो. एका लांबट घराचे चार भाग पाडून चार बिऱ्हाडं ठेवलेली, मध्ये विहीर, विहिरीपाशी पीठ वाटायचा दगडी रगडा. आमच्या वाट्याला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. अप्पा बंदराकडच्या एका कचेरीत कारकून. मी कॉलेजात, धाकटी कमळी शाळेत. तंजावर सोडून अप्पांच्या वडिलांनी मद्रास गाठलं, पण बोलणं तंजावरचंच राहिलं, म्हणजे कुठलं कुठलं जुनं मराठी, त्याला तमिळ हेल, आणि शब्द सापडला नाही की सरळ तमिळ शब्द. आईला आम्ही अम्मा म्हणत होतो. सकाळी सहाच्या आधी रॉकेलचा स्टोव्ह फुसफुसायला लागायचा, मग तवा तापला की अम्मा त्यावर हाताने पाणी शिंपडायची, आणि त्या 'चुंय्' आवाजाने मला जाग यायची. गजराच्या घड्याळाची आमच्या घरी कधी गरज पडली नाही.

तवा अम्माच्या माहेरचा. कुंभकोणमजवळच्या एका खेड्यातून तिच्या लग्नात तिच्याबरोबर आला, आणि तिच्या आईकडे तो आईच्या सासूकडून आलेला. दोन कान होते, त्यातल्या एकाचा टवका उडालेला. जड इतका की कमळीला दोन्ही हातांनी उचलावा लागे. अम्माचे त्याच्याबाबतीत नियम होते आणि ते देवघरातल्या नियमांपेक्षा कडक होते. साबण लावायचा नाही, चिंच लावायची नाही, राख तर नाहीच. तापलेल्या तव्यावर भसकन पाणी ओतायचं नाही, तडकतो. काम झालं की जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचा आणि अर्धा कांदा तिळाच्या तेलात बुडवून तो वरून फिरवायचा. गावाला जायचं असेल तर तेल माखून, कापडात गुंडाळून ठेवायचा. आणि दोशाखेरीज त्याच्यावर काही म्हणता काही करायचं नाही, पापडसुद्धा नाही. आम्ही चेष्टेने म्हणायचो, अम्माला तीन लेकरं, थोरलं काळं आहे.

गल्लीत तिचं नाव होतं ते या तव्यामुळे. कुणाच्या घरी नवी सून आली आणि माहेराहून नवा तवा आला, की तो आधी आमच्याकडे यायचा. अम्मा त्याला तांदळाच्या धुवणात भिजत ठेवायची, नारळाच्या सोडणाने घासायची, तेल पाजायची, पुन्हा तापवायची. 'वळणावर आणते' असं म्हणायची. महिना-दीड महिन्याने सून येऊन तवा घेऊन जायची, आणि घरी गेल्यावर पहिलाच दोसा अख्खा सुटला की वाटीत गोड काहीतरी घेऊन परत यायची. शेजारच्या भागातल्या तंगम मामी, ज्यांना जगात दुसऱ्या कुणाचं काही चांगलं दिसत नसे, त्याही अम्माचं नाव घेऊन म्हणायच्या की लोखंडाला सीतेचा हात ओळखता येतो. अम्मा चौथीपर्यंत शिकलेली. गाणं येत नाही, शिवण येत नाही, बोलायला बुजरी. हे एक होतं तिच्यापाशी.

आता अप्पांचं सांगतो. अप्पांना आपण मराठी असल्याचा भारी अभिमान होता आणि मराठी असल्याचा पुरावा मात्र हाताशी नव्हता. कचेरीत त्यांना 'राव' म्हणत, तेवढंच. एके वर्षी ते एकटेच कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेले आणि तिथे धर्मशाळेत त्यांना आमच्याच आडनावाचे, आमच्याच गोत्राचे एक गृहस्थ भेटले. ते तात्या. शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. दोघांनी रात्रभर बसून असं ठरवलं की कुठल्यातरी पिढीत दोन भाऊ होते, एक तिकडेच राहिला आणि एक फौजेबरोबर दक्षिणेत उतरला. खरं की खोटं, देव जाणे. अप्पा परत आले ते दुसरेच होऊन. तात्या सपत्नीक रामेश्वरला जाणार होते आणि वाटेत चार दिवस आमच्याकडे उतरणार होते. "आपले भाऊबंद येताहेत," अप्पा म्हणाले, आणि भर दुपारी देवापुढे दिवा लावून आले. मी ते पाहिलंय, म्हणून त्यांना नुसतं हसायला माझं मन होत नाही.

पण त्या भाबडेपणात अप्पांनी एक थाप मारून ठेवली होती. तात्यांनी सहज विचारलं असावं की तिकडे मद्राशी जेवणच असेल ना तुमचं. अप्पांना ते लागलं. त्यांनी सांगून टाकलं, छे, आमच्याकडे रोज पोळी-भाजी, अगदी आपल्या पद्धतीची. आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणपोळी, तीही वर्षातून एकदा, मैद्याची, केळीच्या पानावर हाताने थापलेली. घरात पोळपाट नव्हता. लाटणं नव्हतं. रेशनवर मिळणारे गहू अम्मा मामींच्या दळणाला देऊन टाकायची.

मग तयारी सुरू झाली. अम्माला चार दिवस 'आई' म्हणायचं, असा हुकूम निघाला. कमळी म्हणाली, "अम्माला आई म्हणलं तर ती ओ देणार नाही." आणि खरंच, पहिल्यांदा म्हटलं तेव्हा अम्माने मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. अप्पा टी. नगरला जाऊन पोळपाट-लाटणं घेऊन आले. कोरं करकरीत, रंधा मारलेल्या लाकडाचा वास येणारं. पाहुणे ओळखतील म्हणून अप्पांनी ते अंगणात बसून जुनं करायला घेतलं. पीठ चोळलं, तेल चोळलं, सुरीने चार चरे ओढले, लाटणं विहिरीच्या कट्ट्यावर घासलं. कचेरीत एक शाईचा डाग पडला तर पान बदलणारा माणूस. तंगम मामी पाणी शेंदताना थांबून बघत राहिल्या आणि मी आत निघून गेलो.

"मग तवा पण एक आणा की," अम्मा म्हणाली. "पोळीला वेगळा तवा होणा."

"होणा नाही. पाहिजे म्हणायचं."

"बरं. पाहिजे. वेगळा तवा पाहिजे."

अप्पा म्हणाले, "पोळपाट जुना करता येतो. तवा कसा करणार? नवा तवा बघितला की बाई माणूस लगेच ओळखेल, कालच आणलाय म्हणून. रोज पोळी करणाऱ्यांच्या घरी जुना तवा असतो."

"ह्याच्यावर पोळी टाकली तर हा जाईल."

"चार दिवसांत काय जातोय? तू आहेस की. पुन्हा करशील नीट."

अम्माने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, अप्पा माझं ऐकत. मी म्हणालो, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे, आई." आई म्हणालो मी. सरावासाठी. अम्माने तवा दोन्ही हातांनी उचलून स्टोव्हवर ठेवला आणि पोळ्या शिकायला बसली.

तात्या आणि काकू आले. सेंट्रल स्टेशनवर अप्पांनी तात्यांना मिठी मारली आणि दोघे उभ्या फलाटावर रडले. तात्या उंच, हसतमुख. काकू ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि डोळे असे की घरात शिरल्या शिरल्या सगळं मोजून घेतील. अम्माला त्या 'धाकट्या जाऊबाई' म्हणाल्या आणि अम्मा लाजून त्यांना 'अक्का' म्हणाली. मग चार दिवस पोळ्या. दुपारी पोळ्या, रात्री पोळ्या. अम्माच्या पोळ्या एका बाजूला कच्च्या आणि दुसऱ्या बाजूला पापड. घरभर करपलेल्या पिठाचा वास. तवा दिवसेंदिवस मधोमध पांढरट पडत चालला होता, वापरून वापरून टाचेला झिजलेल्या चपलेसारखा. अम्मा पोळी टाकताना तव्याकडे बघत नसे. तात्या प्रत्येक घासाला पाणी पीत आणि म्हणत, "वा, घरच्यासारखं." अप्पांचा चेहरा असा फुललेला मी पूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. आम्ही जपून बोलत होतो. कमळीने तर चार दिवस तोंडच उघडलं नाही, काकूंना वाटलं पोर मुकी आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. बाहेरच्या खोलीत आम्ही होतो, सगळं ऐकू येत होतं.

"जाऊबाई, एक सांगू? रागावू नकोस. उद्या पोळ्या नको करूस."

अम्मा घाबरली. "चांगल्या होत नाहीत ना, अक्का?"

"तसं नव्हे गो. आम्ही कुडाळकडची माणसं. आम्ही भातखाऊ. पोळी आमच्याकडे सणासुदीला. रोज सकाळी आपल्या आंबोळ्या, नाहीतर घावन. भावोजी म्हणाले तुमच्याकडे रोज पोळ्या, म्हणून आम्ही आपलं खाल्लं. ह्यांच्या तर पोटात कालपासून दगड बसलाय. आणि मद्रासला येऊन दोसा न खाता गेले तर गावात बायका हसतील मला. उद्या सकाळी तुझ्या हातचा दोसा घाल की."

तात्या मोठ्याने हसले. अप्पाही हसले, पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पार कोल्हापूरला जाऊन जे भाऊबंद शोधून आणले, ते आमच्यासारखेच आंबवलेलं पीठ तव्यावर पसरणारे निघाले, आणि आम्ही त्यांना चार दिवस चामडं खाऊ घातलं. आत मात्र अम्मा हसत होती. मोकळं, मोठ्याने. तिला तसं हसताना मी लहानपणी कधीतरी ऐकलं असेल. लगेच तिने तांदूळ-उडीद भिजत घातले. रात्री विहिरीपाशी रगड्याची घरघर सुरू झाली, आणि त्या आवाजात काकूंचा आणि तिचा आवाज, दोघी काहीतरी बोलत, मध्येच थांबून हसत. त्यानंतर तिने तवा घेतला. तेल पाजलं, तापवला, कांदा फिरवला, पुन्हा तेल पाजलं. मी पाणी प्यायला आत गेलो तर म्हणाली, "येईल रे. इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे. उद्या एक दिवस माझी लाज राखेल."

सकाळी आम्ही ओळीने जेवायला बसलो. तात्या, अप्पा, मी, शेवटी कमळी. काकू अम्माशेजारी पाटावर, कसं करते ते बघायला. पाण्याचा 'चुंय्' आवाज आला. पीठ पसरल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. आणि मग आमच्या घरात कधीच न झालेला आवाज आला, उलथण्याने तवा खरवडल्याचा. खर्र, खर्र. पहिला दोसा बिघडतो कुणाचाही, म्हणून सगळे थांबलो. दुसरा. तिसरा. अम्मा कांदा फिरवत होती, तेल ओतत होती, आच कमी करत होती, वाढवत होती. तो आवाज भिंतीपलीकडे गेला असणार, कारण तंगम मामी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मामींना आमचं बोलणं समजत असे. अम्माने शेवटी तात्यांच्या पानात वाढलं ते दोशाचे तुकडे होते, निम्मे जळके, निम्मे लगदा.

काकूंनी फडक्याने कान धरून तवा खाली घेतला. वाकून पाहिला, बोटाला पाणी लावून कडेवर टेकवलं, नखाने मधला पांढरा भाग खरवडला. मग अम्माकडे पाहिलं, आणि आवाज चढवला, माहेरच्या माणसाने चढवावा तसा.

"अगो, ह्याच्यावर पोळ्या टाकल्यास तू? असल्या तव्यावर? किती पिढ्यांचा आहे हा, दिसतंय की मला. माझ्या घरी आंबोळीच्या तव्याला मी दुसऱ्याचा हात लावू देत नाही. कोणी सांगितलं तुला ह्याच्यावर पोळ्या करायला?"

स्टोव्ह तेवढा फुसफुसत होता. अप्पा समोर बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि पानातला एक तुकडा बोटाने इकडचा तिकडे केला. मला वाटलं ते आता बोलतील. त्यांनाही वाटलं असेल की मी बोलेन. आम्ही दोघे पुरुष, एक संसार चालवणारा आणि एक कॉलेजात शिकणारा, मूग गिळून बसलो.

अम्मा म्हणाली, "कोणी नाही, अक्का. मला तव्यातलं फारसं कळत नाही."

दारात तंगम मामींनी तोंड उघडलं. अम्माने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. मामींनी तोंड मिटलं आणि कळशी उचलून निघून गेल्या. काकू अम्माकडे पाहत राहिल्या, मग आमच्या ओळीकडे. त्यांना समजलं, सगळं समजलं. ते तुकडे त्यांनी चटणीपुडीला लावून, एकही न टाकता, संपवले.

ते दोघे एग्मोरहून रामेश्वरच्या गाडीने गेले. अम्माने तवा पुन्हा वळणावर आणला. नारळाच्या सोडणाने पार घासून काढला, पेजेत भिजवला, तेल, आच, कांदा, पुन्हा तेल. पावसाळा आला तेव्हा कुठे दोसा अख्खा सुटायला लागला. तोवर रोज सकाळी अप्पा पानात पडतील ते तुकडे खाऊन कचेरीत जात होते. चुकलं, असं ते म्हणाले नाहीत. आमच्यात बायकोला तसं म्हणायची पद्धत नव्हती, आणि मुलांनी आईला म्हणायचीही नव्हती. मी तिला पुन्हा अम्मा म्हणायला लागलो, एवढंच माझ्याकडून झालं.

पण तवा वळणावर आला तरी ते वाक्य गेलं नाही. दिवाळीनंतर एक नवी सून नवा तवा पदराखाली घेऊन आली. अम्माने तिला बसवलं, कॉफी दिली आणि म्हणाली, "मला तव्यातलं फारसं कळत नाही, मुली. दुसऱ्या कुणाकडे ने." आतल्या खोलीत अप्पा होते. त्यांनी चटकन पेपर उघडून तोंडासमोर धरला. पुढच्या वर्षी आणखी एक आली, तिलाही तेच. हळूहळू तवे यायचे बंद झाले. घरी पाहुणे आले, जाळीदार, कागदासारखे दोसे एकामागून एक सुटून पानात पडायला लागले, कुणी वाखाणलं, की अम्मा शांतपणे तेच म्हणायची. एकदाच अप्पा उठून उभे राहिले आणि "अगं, तसं नाही..." एवढं म्हणाले. अम्मा म्हणाली, "तुम्ही बसा." ते बसले. ती हे का करत होती ते मी अजून सांगू शकत नाही. नवऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणून एकदा बोललेलं खोटं ती जन्मभर निभावत होती, की तेच खोटं रोज थोडं थोडं त्यांच्या पानात वाढत होती? माझी सून पुण्याची आहे, श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे, पहाटेच कंपनीच्या बसने जाते. तिला मी ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "बाबा, दोन्ही असेल की." तिचा पोळीचा तवा वेगळा आहे. तो मीच आणून दिला, ती या घरात आली त्या आठवड्यात.

अप्पा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दिवसवार आटोपले, माणसं पांगली, आणि मग एका सकाळी वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली मुलगी दारात उभी राहिली. आम्ही तोवर आदंबाक्कमला आलो होतो, जुनं कुणी ओळखीचं नव्हतं. तिच्या हातात करडा, कोरा तवा होता. खालच्या दोशांचा वास रोज वर येतो, म्हणाली, आणि माझा एकही सुटत नाही, मामी, तुम्हाला काही कळतं का ह्यातलं?

मी अप्पांच्या खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

अम्माने तवा तिच्या हातातून घेतला, बोटाने वाजवून पाहिला. "ठेव इथे," ती म्हणाली. "जन्म गेला माझा तव्यापुढे. मला नाही कळणार तर कोणाला कळणार?"

बोलताना ती त्या मुलीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी पेपर आणखी थोडा वर धरला.